रात्रभर जंगलात, तेही अर्धपोटी?

गेल्या अंकात ओघाओघात मी लिहून गेले होते की, ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’च्या, म्हणजे अमेरिकन स्काउटांतल्या निवडून आलेल्या मुलांच्या सेवामंडळाच्या, पोरांबरोबर शिबिरातले तंबूंचे ओटे दुरुस्त करताना माझ्या बोटाचं नख काळंनिळं झालं. नखाची चौकशी एकानेही केली नाही; ॲरोबद्दल मात्र इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच देत आहे. माझी ओळख थोडक्यात: मी मूळची कराडची, आता मध्य न्यू जर्सीत मुरलेली. औषध कंपनीत गुणवत्ता तपासते. मुलगा स्काउटात गेला म्हणून मी गेले आणि तो कॉलेजात निघून गेल्यावरही मी तिथेच राहिले. सध्या ॲरोच्या इथल्या एका चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, सल्लागार आहे. सल्लागाराने गाडी चालवायची, पावत्या जपायच्या आणि बैठकीत तोंड मिटून बसायचं. मत देण्याचा हक्क एकवीस वर्षांखालच्यांना असतो.

प्रश्न: मी नाशिकची, सध्या एडिसनला लेकाकडे आले आहे. नातू चौदा वर्षांचा. स्काउटच्या कुठल्याशा ‘ॲरो’त त्याची निवड झाली म्हणून सूनबाई सगळ्यांना फोन करून सांगते आहे. पण मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोराला रात्री जंगलात एकट्याने झोपायचं, दुसरा दिवसभर बोलायचं नाही, पोटभर जेवायचं नाही आणि वर मजुरी करायची! ताई, हा सन्मान आहे की शिक्षा?

उत्तर: आजी, नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून होतं काय ते सरळ सांगते. समारंभात काय बोलतात तेवढं इथे लिहीत नाही, ते नातवाने तिथेच पहिल्यांदा ऐकू दे. तुमच्या लेकाला-सुनेला आधी वाचायचं असेल तर त्यांनी मागावं, दाखवतात. आईबापांपासून लपवून काही करायला स्काउटिंगमध्ये परवानगीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मुलं शिबिरात पोचतात. अंधार पडला की एक छोटा समारंभ होतो आणि मग एकेकाला झाडाखाली त्याची जागा दाखवतात. खाली ताडपत्री, त्यावर स्लीपिंग बॅग, वर आभाळ. एकट्याने झोपायचं म्हणजे शेजारचा मुलगा दिसत नाही, पण हाकेच्या अंतरावर असतो. मोठी माणसं जवळपास असतात आणि विजा चमकायला लागल्या की सगळ्यांना छपराखाली आणतात. शनिवारी सकाळपासून काम. पायवाटेवर पडलेली झाडं बाजूला करणं, ओंडके रचणं, संडासांना रंग देणं, तंबूंच्या ओट्यांच्या कुजलेल्या फळ्या बदलणं, असं शिबिराचं जे अडलं असेल ते. बोलायचं नाही. पाणी हवं तेवढं, खाणं थोडं. गेल्या खेपेला आमच्याकडे सकाळी पावाचा तुकडा आणि उकडलेलं अंडं होतं, शाकाहारी मुलांना अंड्याऐवजी केळं. तुमच्या एकादशीच्या ताटात खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस असेल तर त्याच्यापुढे हे फारच गरीब. मात्र शनिवारी रात्री दुसरा समारंभ झाला की भरपेट जेवण असतं आणि तेव्हा ही मुलं जे खातात ते बघण्यासारखं असतं. ज्याला मधुमेह आहे किंवा औषध जेवणाबरोबर घ्यावं लागतं, त्याला त्याचं खाणं वेळेवर मिळतं. फॉर्मवर ते स्पष्ट लिहायला सूनबाईंना सांगा. ‘शाकाहारी’ हेही लिहा, आणि अंडं चालतं की नाही तेसुद्धा, कारण इथल्या आचाऱ्याला आपले बारकावे ठाऊक नसतात.

मला या सगळ्यात जे फार आवडतं ते आता सांगते. मुलांच्या प्रत्येक गटाबरोबर एक ‘एलँगोमॅट’ असतो. यातून पूर्वी गेलेला, दोन-तीन वर्षांनी मोठा मुलगा. तो मुकादमासारखा हुकूम सोडत नाही. तोही तसाच उघड्यावर झोपतो, तितकंच खातो, तितकंच गप्प राहून तेच फावडं चालवतो. त्याला याबद्दल खांद्यावरून घालायचा ॲरोचा नवा पट्टा मिळत नाही, तरी दर खेपेला कोणी ना कोणी हात वर करतोच. दमदाटी, टिंगल, कुणाला घाबरवणं याला तिथे जागा नाही. तसं कोणी करू पाहिलं तर त्याला घरी पाठवलं जातं.

काळजी करायचीच असेल तर गोचिडीची करा. पँट मोज्यात खोचायची, आणि रविवारी घरी आल्या आल्या आंघोळीला पाठवून गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघायचं. इथल्या हरणांवरची गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यापासून लाइमचा ताप येतो.

प्रश्न: मी पुण्याजवळच्या एका शाळेत स्काउट मास्तर होतो, आता निवृत्त आहे. प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मुलं तयार केली. हा ‘ॲरो’ आमच्या ऐकिवात नव्हता. त्याचा उगम काय? आणि चॅप्टर म्हणजे नेमकं कोणतं एकक?

उत्तर: सर, स्काउटिंगचं पहिलं शिबिर १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर झालं हे मी तुम्हाला सांगायला नको. ॲरोचा जन्मही बेटावरचाच. फिलाडेल्फियाच्या वरच्या अंगाला डेलावेअर नदीत ट्रेझर आयलंड नावाचं बेट आहे, एका काठाला पेनसिल्व्हेनिया, दुसऱ्याला न्यू जर्सी. फिलाडेल्फियाच्या स्काउट कौन्सिलचं उन्हाळी शिबिर तिथे भरे. १९१५ च्या उन्हाळ्यात या शिबिराचे संचालक होते अर्नर गुडमन आणि त्यांचे मदतनीस कॅरल एडसन. दोघांचाही जन्म १८९१ चा, म्हणजे चोविशीच्या आतबाहेरची पोरंच.

त्यांच्यापुढचा प्रश्न तुम्हीही हाताळला असेल. परीक्षेपुरती गाठ मारणारा मुलगा आणि शिबिरात कुणी न सांगता दुसऱ्याच्या तंबूची दोरी घट्ट करणारा मुलगा यांच्यातला फरक कुठल्याच बिल्ल्यात दिसत नाही. हा दुसऱ्या जातीचा मुलगा हेरायचा कसा? गुडमन आणि एडसन यांनी हेरण्याचं काम स्वतःकडे घेतलंच नाही. ते शिबिरातल्या मुलांना दिलं. आठवडाभर एकत्र राहून, एकत्र भांडी घासून कोण कसा आहे हे मुलांना जितकं कळतं तितकं मास्तरांना कळत नाही, हा त्यांचा हिशेब. १६ जुलै १९१५, शुक्रवार. त्या रात्री बेटावर पहिला दीक्षाविधी झाला. जॉर्ज चॅपमन पहिला प्रमुख झाला. मंडळाचं मूळ नाव डेलावेअर खोऱ्यातल्या लेनापी लोकांच्या भाषेतून घेतलं होतं, ‘विमाख्तेंडिएंक’. पहिल्या लॉजचं, म्हणजे कौन्सिलच्या पातळीवरच्या शाखेचं, नाव उनामी. तो फिलाडेल्फियात आजही आहे आणि त्याचा क्रमांक अर्थातच एक.

त्या काळच्या अमेरिकेत गुप्त मंडळांचं पेव फुटलेलं होतं. कॉलेजांत होती, गावोगाव होती. खुणा, शपथा, झगे, सगळा थाट. त्या मंडळांत कोणाला घ्यायचं ते आतले लोक ठरवत. गुडमन-एडसन यांनी थाट उचलला, पट्टा उचलला, शेकोटी उचलली, पण दाराची किल्ली बाहेरच्यांच्या हाती दिली. ॲरोत कोण जाणार हे ॲरोत नसलेली मुलंसुद्धा मत देऊन ठरवतात. शंभर वर्षांत पुष्कळ काही बदललं, हे बदललं नाही.

वरिष्ठांना हे प्रकरण सुरुवातीला पचलं नाही. स्काउटांत गुप्त मंडळ कशाला, असा आक्षेप होताच. १९२१ मध्ये फिलाडेल्फियात निरनिराळ्या लॉजांची पहिली राष्ट्रीय बैठक झाली, १९२२ मध्ये ‘प्रयोग’ म्हणून चालू ठेवायला परवानगी मिळाली, १९३४ मध्ये रीतसर मान्यता आणि १९४८ मध्ये ॲरो हा स्काउट संघटनेचाच एक भाग झाला. मधल्या काळात, १९३१ मध्ये, गुडमन स्वतः संघटनेचे राष्ट्रीय कार्यक्रम संचालक झाले होते. मान्यतेची गाडी त्यानंतर जरा वेगाने धावली यात मला नवल वाटत नाही. ते १९८० पर्यंत जगले, एडसन १९८६ पर्यंत.

बेटाचं पुढे वाईट झालं. २००४, २००५ आणि २००६, लागोपाठ तीन वर्षं डेलावेअरला मोठे पूर आले. त्यानंतर थोड्याच काळात तिथलं शिबिर बंद झालं.

आता एकक. कौन्सिल म्हणजे आपला एखादा जिल्हा संघ समजा. दर कौन्सिलला एक लॉज. लॉजचा पसारा मोठा असतो म्हणून त्याचे भाग पाडतात, तो चॅप्टर. म्हणजे गावपातळीवर मुलांना जी ॲरो दिसते ती चॅप्टरचीच. पायऱ्या तीनच: ऑर्डील (वर आजींना सांगितला तोच शनिवार-रविवार), मग निदान सहा महिन्यांनी ब्रदरहूड, आणि फार थोड्यांना व्हिजिल. व्हिजिल मागून मिळत नाही. पांढऱ्या पट्ट्यावर लाल बाण असतो. ब्रदरहूडला त्याच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी येते, व्हिजिलला मधोमध त्रिकोण. ॲरोसारखी वेगळी संस्था आपल्याकडे नाही. आपलं सगळं सोपानांवर, लॉगबुकांवर आणि चाचणी शिबिरांवर उभं आहे. मी स्वतः राज्य पुरस्कारापर्यंत गेले होते, ते टेंभू रस्त्यालगतच्या माळावर पायोनियरिंगचा मनोरा बांधून. पण माझ्या गाइड पथकातल्या मुलींनी मला मत दिलं असतं का, हे विचारायची वेळ कधी आली नाही आणि ते बरंच झालं.

प्रश्न: तुमचा चॅप्टर वर्षभर करतो तरी काय? मुलगा दर महिन्याला बैठकीला जातो आणि ‘काय झालं’ विचारलं की ‘स्टफ’ म्हणतो. (एक आई, वेस्ट विंडसर)

उत्तर: ‘स्टफ’ हे तसं अचूक उत्तर आहे. चर्चच्या तळघरातली बैठक, पिझ्झा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि मग अर्धा तास कोणत्या ट्रूपला, म्हणजे स्काउटांच्या पथकाला, कोण जाणार यावर वाद.

तो वाद मात्र महत्त्वाचा. हिवाळा सरताना आमच्या भागातल्या प्रत्येक ट्रूपमध्ये निवडणूक घ्यायची असते आणि ती घ्यायला चॅप्टरची मुलं जातात. पंधरा-सोळा वर्षांची दोन-तीन मुलं, गणवेशात, पट्टा घालून, अनोळखी ट्रूपसमोर उभी राहतात, ॲरो काय ते समजावतात, चिठ्ठ्या वाटतात, मोजतात. मी गाडीची किल्ली हातात धरून मागच्या खुर्चीवर. पहिल्यांदा बोलताना ज्याचा आवाज फाटला होता तोच पोरगा तिसऱ्या ट्रूपला पोचेपर्यंत विनोद करायला लागतो. कधी स्काउटमास्तर तारीख विसरलेले असतात, दाराला कुलूप असतं, आणि आम्ही बर्फात उभे. त्या ट्रूपची निवडणूक पुन्हा ठरवायची, पुन्हा जायचं. कारण निवडणूक झाली नाही तर त्या ट्रूपमधून त्या वर्षी कोणीच ॲरोत येत नाही. चॅप्टर जगतो की मरतो ते इथे ठरतं. बाकी सगळं नंतरचं.

नंतरचं म्हणजे: वसंतात आणि शरदात ऑर्डीलचे शनिवार-रविवार. उन्हाळ्याआधी शिबिर उघडायचं काम, सप्टेंबरात आवरायचं काम. नोव्हेंबरात ‘स्काउटिंग फॉर फूड’, तेव्हा दारोदार पिशव्या वाटून दुसऱ्या आठवड्यात डबाबंद अन्न गोळा करायचं आणि गावच्या फूड पँट्रीत नेऊन तारखा बघत फळ्यांवर लावायचं. छोट्या कबांचा मोठ्या ट्रूपमध्ये प्रवेश होतो त्या संध्याकाळी मदत. विभागाचा कॉनक्लेव्ह, म्हणजे मेळावा, वर्षातून एकदा, तिथे काम कमी आणि खिशाच्या फ्लॅपवर लावायच्या कापडी बिल्ल्यांची अदलाबदल जास्त. प्रत्येक लॉजचा फ्लॅप वेगळा असतो आणि या सौद्यांत आपली मराठी मुलं जी घासाघीस करतात ती बघून मला मंडईची आठवण येते.

आमचा चॅप्टर दोन जुन्या चॅप्टरांचा मिळून झालेला आहे. माझ्या गॅरेजात त्यांच्या फायलींची खोकी आहेत, टाइप केलेली इतिवृत्तं, काही सत्तरच्या दशकातली. इतिहास सापडेल म्हणून मी मोठ्या उत्साहाने बसले. एका बैठकीत पाऊण पान कॉफीचं मोठं भांडं कोणी नेलं यावर आहे. पुढच्या बैठकीत तेच. तिसऱ्या बैठकीत भांडं सापडल्याची नोंद आहे, कुठे ते लिहिलेलं नाही. मधूनच एक ओळ अशी की अमुक वाट साफ केली, पूल बांधला, हजर बावीस. तो पूल अजून आहे. आमची मुलं दर दोन वर्षांनी त्याच्या फळ्या बदलतात आणि त्यांना वाटतं तो शिबिराबरोबरच जन्माला आला.

दोन चॅप्टर एकत्र का करावे लागले? मुलं आटली म्हणून. २०१९ च्या अखेरीला मॉर्मन चर्चने आपली सगळी मुलं स्काउट संघटनेतून काढून घेतली, लगेच २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पाठोपाठ कोविड आला. दोन वर्षांत देशभरातली कब आणि स्काउटांची संख्या निम्म्याहून खाली गेली. लैंगिक अत्याचारांच्या जुन्या तक्रारी हे त्या दिवाळखोरीमागचं कारण होतं, आणि पालकांनी मला त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलत नाही. मूल एकट्या प्रौढाबरोबर कधीही असू नये, किमान दोन प्रौढ हवेत, हा नियम तुम्हीही पाठ करा आणि मोडलेला दिसला तर तिथल्या तिथे बोला.

मोठी कामंही होतात. २००८ च्या उन्हाळ्यात देशभरातले सुमारे ५,००० सदस्य पाच राष्ट्रीय अरण्यांत आळीपाळीने राबले, मिसुरीतल्या मार्क ट्वेनपासून कॅलिफोर्नियातल्या शास्ता-ट्रिनिटीपर्यंत. न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट या स्काउटांच्या डोंगरी शिबिराला १९९५ पासून ॲरोची मुलं उन्हाळ्यात जातात, एक आठवडा डोंगरात पायवाट खोदतात आणि मग एक आठवडा त्याच डोंगरांत भटकतात. माझा मुलगा गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या मोज्यांना घरात घेतलं नाही.

प्रश्न: माझ्या मुलाचे एकवीस मेरिट बॅज होत आले, ईगल, म्हणजे स्काउटातली सर्वांत वरची रँक, हातातोंडाशी आहे. ट्रूपमधल्या ॲरोच्या निवडणुकीत मात्र तो निवडून आला नाही. त्याच्यापेक्षा दोन रँक खालचा मुलगा आला. हा उघड अन्याय आहे. स्काउटमास्तरांना भेटून फेरमोजणी मागावी का? (एक वडील, प्लेन्सबरो)

उत्तर: मागू नका. फेरमोजणी नाही, अपील नाही, आणि कोणाला किती मतं पडली हे आम्ही कोणालाच सांगत नाही.

नियम असे. मुलगा किमान फर्स्ट क्लास रँकचा असावा. मागच्या दोन वर्षांत तंबूत पंधरा रात्री काढलेल्या असाव्यात, त्यांतल्या पाच सलग, म्हणजे एका दीर्घ शिबिराच्या. स्काउटमास्तरांची संमती असावी. इतकं ज्याचं आहे त्या प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर येतं. ट्रूपमधली मुलं हवी तितकी नावं निवडू शकतात, सगळीसुद्धा. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निदान निम्म्यांवर ज्याचं नाव, तो निवडून आला. म्हणजे तुमचा मुलगा त्या दुसऱ्या मुलाकडून हरला नाही. दोघेही येऊ शकले असते. निम्म्या मुलांनी त्याच्या नावापुढे खूण केली नाही, एवढाच याचा अर्थ.

लोकप्रियतेची स्पर्धा होते का? होते कधी कधी. अकरा वर्षांची मुलं मत देतात, ज्याने परवा कँडी वाटली त्याला देतात. मी ते नाकारत नाही. पण जितक्या निवडणुका मागच्या खुर्चीवरून पाहिल्या त्यांत बहुतेक वेळा मुलांचं मोजमाप माझ्यापेक्षा बरं निघालं. एका ट्रूपमध्ये एक मुलगा सगळ्यांच्या वतीने बोलायचा, झेंड्यापुढे उभा राहायचा, आयांचा लाडका. दुसरा असा की मला त्याचा आवाज आठवत नाही. नंतर कळलं की पावसाळी शिबिरात नव्या पोरांचे तंबू गळायला लागले तेव्हा हा आपला कोरडा तंबू त्यांना देऊन गाडीखाली जाऊन झोपला होता. कोण निवडून आला ते सांगायला नको.

तुमचा मुलगा तसा नाही असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. ईगल ही त्याच्या मेहनतीची गोष्ट आहे, ती कोणी हिरावली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. फक्त एक विनंती: स्काउटमास्तरांना भेटायला जाल तर मुलाला बरोबर नेऊ नका आणि तो गाडीत असताना ‘अन्याय’ हा शब्द काढू नका. ट्रूपमधल्या मुलांना सगळं कळतं, आणि मतं तीच देतात.

प्रश्न: मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आईवडील ठाण्याचे, जन्म इथलाच. धाकट्या भावाच्या समारंभाचे जुने फोटो पाहिले: गोरी मुलं डोक्यावर पिसं लावून, चामड्याचे कपडे घालून उभी. मूळ रहिवाशांची नावं, त्यांची भाषा. तुम्हाला यात काही खटकत नाही?

उत्तर: खटकतं. तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या लेनापींच्या भाषेतून नावं घेतली ते १९१५ मध्ये डेलावेअरच्या काठी जवळपास उरलेच नव्हते. १७३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे मालक असलेल्या पेन घराण्याने दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन असा करार पुढे केला, वाट आधीच साफ करून ठेवली, पळणारी माणसं नेमली आणि लेनापींच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक मुलूख घशात घातला. त्यानंतर ते लोक ढकलत ढकलत ओहायो, इंडियाना, कॅन्सस करत गेले. त्यांच्या दोन मान्यताप्राप्त जमाती आज ओक्लाहोमात आहेत, एक शाखा विस्कॉन्सिनात, काही कॅनडात. आणि त्यांच्या जुन्या नदीतल्या बेटावर फिलाडेल्फियाची मुलं त्यांच्या शब्दांनी एकमेकांना हाका मारत होती. गुडमन-एडसन यांच्या मनात आदरच होता हे मी मानते. पण ज्यांचा आदर करायचा ते ओक्लाहोमात राहतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

बदल हळूहळू होतो आहे. २०१९ पासून कबांच्या समारंभात ॲरोच्या मुलांनी मूळ रहिवाशांचा पोशाख घालायचा नाही असा राष्ट्रीय नियम झाला. आमच्या चॅप्टरने पुढे जाऊन आपले सगळे समारंभ स्काउटच्या गणवेशातच करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे सहज नव्हे. एका मुलाने अख्खा हिवाळा बसून स्वतःच्या हाताने मण्यांचं काम केलं होतं, खरोखर सुंदर, त्यामागे ग्रंथालयात बसून अभ्यास केला होता. तो रडवेला झाला. एका मुलीने विचारलं, हे तू कोणाला विचारून केलंस? तो म्हणाला, कोणाला विचारू, इथे कोणी नाहीच. ती म्हणाली, तेच. मग बराच वेळ कोणी बोललं नाही आणि नंतर मतदान झालं. त्या संध्याकाळी मला मत नाही याचं मला बरं वाटलं.

नावं मात्र आहेत तशीच आहेत, लॉजची, पदांची, आणि एलँगोमॅटचंही, ज्याचं कौतुक मी वर आजींपाशी केलं. ती बदलावीत का याबद्दल आमच्यात एकमत नाही. माझं म्हणणं, आधी ओक्लाहोमाला पत्र लिहा.

प्रश्न: मुलीला जाता येतं का? आणि कॉलेजच्या अर्जात याचा किती उपयोग?

उत्तर: मुलींना २०१९ पासून येतं, मोठ्या बायकांना १९८८ पासून. आमच्या गेल्या दोन प्रमुखांपैकी एक मुलगी होती आणि तिच्या काळात पावत्या वेळेवर जमा झाल्या. कॉलेजच्या अर्जात एक ओळ लिहिता येईल. ती वाचणाऱ्याने पुढे ‘तिथे काय केलं?’ असं विचारलं तर सांगण्यासारखं काही हवं, आणि ते नुसता पट्टा कपाटात ठेवून मिळत नाही. पुष्कळ मुलं ऑर्डील करतात आणि पुन्हा दिसत नाहीत. त्यांच्या आया मात्र दिसतात, किराणा दुकानात, आणि नजर चुकवतात.

प्रश्न: हॅलो मावशी, मी आईला सांगून मराठीत लिहितो आहे. मी निवडून आलो पण ऑर्डीलच्या वीकेंडला माझी रोबोटिक्सची मॅच आहे. मी शनिवारी दुपारी येऊन फक्त अर्धं केलं तर चालेल का? बाबा म्हणतात की तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ॲडजस्ट कराल.

उत्तर: अरे वा, मराठी छान लिहिलंस. अर्धं चालत नाही. शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ, सगळं एकत्रच. पण मॅच सोडू नकोस. आमच्या लॉजमध्ये ऑर्डील वर्षातून एकाहून जास्त वेळा असतो. हा चुकला तर पुढच्याला ये, निवड रद्द होत नाही, फक्त दिलेल्या मुदतीत करून टाक. शरदातलं मला तर जास्त आवडतं, डास कमी असतात.

आणि बाबांना सांग की मी काहीही ॲडजस्ट करू शकत नाही. नावनोंदणी चॅप्टरचा प्रमुख बघतो, तो अकरावीत आहे. त्याला तू स्वतः मेसेज कर, आईला करायला लावू नकोस. उत्तर यायला दोन दिवस लागतील, त्याचीही परीक्षा चालू आहे.